हवाई छत्रीने नाहीसा झालेला कूपर आणि हौशी शोधकांचे तर्क

गावात चोरी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी पारावर दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण ठामपणे सांगतो, "हे काम अमक्याचंच! दुसरं कोण करणार?" दुसरा फारसे बोलत नाही. तो घराच्या मागे जातो, ओल्या मातीत उमटलेले पाऊल बघतो, कुंपण कुठे वाकले आहे ते बघतो आणि तिथून पुढे चालू लागतो. पूर्वीचा गावचा जागल्या असा माग काढीत शिवेपर्यंत जाई. पहिल्याने माणूस आधी ठरवलेला असतो आणि मग तो पुरावा शोधतो. दुसरा आधी पुरावा बघतो. माणूस सापडला तर सापडला.

आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका विमान-अपहरणाची हकीकत सांगणार आहे. गोष्ट १९७१ सालची. गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. त्याचे खरे नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. तिकडच्या सरकारी तपास खात्याने अखेर हात टेकले, पण हौशी लोकांनी काही टेकले नाहीत. पन्नासाहून अधिक वर्षे नाना धंद्यांतली माणसे आपापला रिकामा वेळ आणि पदरचे पैसे खर्च करून या एका प्रश्नावर वाद घालीत आहेत. त्यांच्यातही हेच दोन प्रकार आहेत, आणि कोणत्या प्रकाराने काय साधले हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम घडले काय ते सांगतो.

२४ नोव्हेंबर १९७१, बुधवारचा दिवस. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता. आपल्याकडे दिवाळीला माणसे घराकडे निघतात, तशी तिकडे या सणाला निघतात. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या विमानतळावर पंचेचाळिशीच्या आसपासचा एक गृहस्थ आला. गडद रंगाचा सूट, पांढरा सदरा, काळा टाय, हातात काळी बॅग. त्याने वीस डॉलर रोख मोजून सिॲटलचे तिकीट घेतले आणि नाव सांगितले 'डॅन कूपर'. त्या काळी तिकडे ओळखपत्र दाखवावे लागत नसे की बॅग उघडून दाखवावी लागत नसे. आपण एस.टी.त चढावे तसा माणूस विमानात चढे.

विमान नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीचे, बोईंग ७२७ जातीचे. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. पस्तीसच्या आसपास उतारू होते. विमान सुटले, आणि मागच्या बाजूला बसलेल्या कूपरने हवाईसुंदरीच्या हाती एक चिठ्ठी दिली. तिला वाटले, आला असेल कुणी चावट गृहस्थ, आपला फोन नंबर देत असेल. तिने चिठ्ठी न वाचताच ठेवून दिली. तेव्हा तो हळूच म्हणाला, चिठ्ठी वाचलेली बरी, माझ्याजवळ बाँब आहे. त्याने बॅग किंचित उघडून दाखवली. आत लाल नळकांडी आणि तारा दिसल्या.

त्याच्या मागण्या अगदी थोडक्या होत्या. दोन लाख डॉलर रोख, चार पॅराशूट म्हणजे हवाई छत्र्या, आणि सिॲटलला उतरल्यावर विमानात भरायला पेट्रोलची गाडी तयार. त्या वेळच्या साडेसात रुपयांच्या भावाने दोन लाख डॉलर म्हणजे सुमारे पंधरा लाख रुपये झाले. त्याच वर्षी ३० जानेवारीला आपले 'गंगा' नावाचे विमान दोघांनी लाहोरला पळवून नेले होते, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. त्यामागे राजकारण होते. कूपरने मात्र कसलीही राजकीय मागणी केली नाही. त्याला पैसे हवे होते.

विमान सिॲटलवर घिरट्या घालीत राहिले. उतारूंना सांगितले, किरकोळ बिघाड आहे. तेवढ्यात खाली पैशांची जमवाजमव झाली. एफ.बी.आय. हे अमेरिकेचे मध्यवर्ती तपास खाते. त्यांनी वीस-वीस डॉलरच्या दहा हजार नोटा गोळा केल्या आणि प्रत्येक नोटेच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. विमान उतरले, पैसे आणि छत्र्या आत आल्या, कूपरने सर्व उतारू सोडून दिले. वैमानिक मंडळी आणि एक हवाईसुंदरी एवढीच आत ठेवून त्याने विमान पुन्हा वर न्यायला सांगितले. म्हणाला, मेक्सिकोकडे चला. वाटेत नेव्हाडा राज्यातल्या रेनो शहरी पेट्रोल भरायचे ठरले.

आता त्याच्या सूचना बघा. विमान दहा हजार फुटांवरच ठेवा. आपले कळसूबाई शिखर सुमारे पाच हजार चारशे फूट आहे, म्हणजे त्याच्या दुपटीला थोडे कमी. चाके खालीच राहू द्या. पंखांच्या मागच्या पट्ट्या पंधरा अंश खाली ठेवा. या सगळ्याने विमानाचा वेग कमी राहतो. शिवाय आतल्या हवेचा दाब वाढवू नका, म्हणजे दार उघडता येते. बोईंग ७२७ ला शेपटीखाली एक जिना असतो आणि तो उडत्या विमानातूनही खाली सोडता येत असे. ही गोष्ट सामान्य उतारूला कुठून ठाऊक असणार? कूपरला ठाऊक होती.

रात्री आठच्या सुमारास वैमानिकांच्या समोर जिना उघडल्याचा दिवा लागला. साधारण आठ वाजून तेरा मिनिटांनी शेपटीला एकाएकी वरच्या बाजूला हिसका बसला. मागून लढाऊ विमाने येत होती, त्यांनाही काही दिसले नाही. रेनोला उतरून पाहतात तो आत कूपर नाही आणि पैसेही नाहीत. चारपैकी दोन छत्र्या राहिल्या होत्या. सिगारेटची थोटके होती, आणि एक काळा टाय होता, गाठ न मारता नुसता चिमट्याने अडकवायचा. एवढेच!

त्यानंतर शोधाशोध झाली. पुढे त्याच विमानातून, त्याच वेगाने जाताना दोनशे पौंडांचे ओझे जिन्यावरून ढकलून पाहिले, तेव्हा शेपटीला तसाच हिसका बसला. म्हणजे उडी आठ-तेराच्या सुमाराची हे बरेचसे पक्के झाले. वेळ कळली तरी जागा कळली नाही. विमान मिनिटाला पाच किलोमीटरच्या आसपास जात होते, अंधार होता, ढग होते, पाऊस होता. दोन मिनिटे इकडची तिकडे झाली की जागा दहा किलोमीटर हलते! वॉशिंग्टन राज्याच्या नैर्ऋत्य भागात, लुईस नदीच्या परिसरात, एरियल नावाच्या वस्तीभोवती १९७२ च्या वसंतात सैनिक लावून जंगल विंचरून काढले. माणूस नाही, छत्री नाही, एक नोटही नाही.

इथपर्यंतची हकीकत साधारण सर्वांना मान्य आहे. वाद सुरू होतो तो इथून पुढे.

पहिला वाद, तो जगला की मेला? एफ.बी.आय.च्या बऱ्याच अधिकाऱ्यांचे मत, मेला. वर गोठणबिंदूखालची थंडी, ताशी तीनशे किलोमीटरचे वारे, पायांत साधे बूट, अंगात सूट, खाली उंच झाडांचे जंगल. शिवाय त्याने नेलेल्या दोन छत्र्यांपैकी एक शिकवण्यासाठी ठेवलेली, शिवून बंद केलेली होती. गडबडीत ती चुकून दिली गेली होती. हे काही त्याच्या लक्षात आले नाही, तेव्हा तो अडाणीच असणार.

दुसरा पक्ष म्हणतो, थांबा. ती शिवलेली छत्री राखीव होती, छातीवर बांधायची. पाठीवरची मुख्य छत्री चांगली होती. आणि १९७२ साली याच कूपरची नक्कल करून अमेरिकेत कितीतरी जणांनी विमाने पळवली, त्यांतल्या काहींनी अशाच उड्या मारल्या. ते जमिनीवर जिवंत उतरले आणि मग पकडले गेले. एक जण तर नुसत्या सदरा-पाटलोणीवर, पायांत गुराख्यांचे बूट घालून कोलोरॅडोच्या बर्फाळ प्रदेशात उतरला! तेव्हा 'अशी उडी मारणारा जगूच शकत नाही' हे म्हणणे टिकत नाही.

शिक्षकमित्रांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. नक्कल करणारे जगले यावरून कूपर जगला असे सिद्ध होत नाही. 'जगणे अशक्य होते' एवढेच खोटे पडते. शक्य असणे वेगळे आणि घडणे वेगळे. वर्गात मुले हा घोटाळा नेहमी करतात, आणि खरे सांगायचे तर मोठी माणसेही करतात.

दुसरी गंमत छत्रीची. त्याच्यापुढे दोन मुख्य छत्र्या होत्या. त्यांतली जुनी, लष्करी धर्तीची छत्री त्याने उचलली. एका पक्षाने म्हटले, बघा, चांगली सोडून जुनी घेतली, म्हणजे याला काही कळत नव्हते. दुसऱ्याने म्हटले, अहो, लष्करात शिकलेला माणूस हाताला सवयीची वस्तूच उचलणार! एकच गोष्ट, आणि तिचे दोन उलटे अर्थ. असे झाले म्हणजे समजावे की ती गोष्ट कुणाच्याच बाजूची साक्ष देत नाही.

आता त्या नोटांकडे वळू. सगळ्या प्रकरणात माणसाच्या हाती लागलेला सर्वांत मोलाचा पुरावा तोच.

फेब्रुवारी १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या काठी, टीना बार नावाच्या वाळवंटात, आठ वर्षांचा एक मुलगा घरच्यांबरोबर सहलीला आला होता. चूल पेटवण्यासाठी तो वाळू हाताने सारखी करीत होता, तोच त्याच्या हाताला नोटांची पुडकी लागली. तीन पुडकी, कडेने कुजलेली, वर रबराच्या पट्ट्या. मोजल्यावर २९० नोटा निघाल्या, म्हणजे ५,८०० डॉलर. क्रमांक ताडून पाहिले आणि एफ.बी.आय.च्या फोटोंशी ते तंतोतंत जुळले. मघाशी ध्यानात ठेवा म्हणालो ते यासाठी. त्या रात्री कुणी नोटांचे फोटो काढण्याचा कंटाळा केला असता, तर हा नुसता कुजका कागद ठरला असता. बाकीच्या ९,७१० नोटांपैकी एकही आजवर कुठे मिळालेली नाही.

नोटा सापडल्या तेव्हा लोकांना वाटले, कोडे सुटले. उलट ते अधिकच गुंतले. कसे ते सांगतो. नदीकाठच्या श्रोत्यांना हे चटकन समजेल. कूपर लुईस नदीच्या भागात उतरला असे मानले जात होते. लुईस नदी कोलंबियाला मिळते ती या टीना बारच्या खाली, प्रवाहाच्या पुढच्या बाजूला. मग तिच्यात पडलेल्या नोटा उलट्या वर कशा येणार? पाणी चढावर जात नाही. म्हणजे एक तर उडीची जागा चुकली, किंवा नोटा पाण्याने न येता कुणी तरी आणल्या. तेव्हा काही जण वरच्या अंगाच्या वॉशूगल नदीकडे बोट दाखवू लागले. विमान समजले होते त्यापेक्षा पूर्वेकडून गेले असावे, असे म्हणणारेही निघाले.

मग रबराच्या पट्ट्या. रबर उघड्यावर आणि पाण्यात फार टिकत नाही, हे सायकलची जुनी ट्यूब अंगणात टाकणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पट्ट्या अजून पुडक्यांवर होत्या, म्हणून नोटा लवकरच वाळूत पुरल्या गेल्या असाव्यात असे एकाने म्हटले. दुसरीकडे, १९७४ साली त्या नदीतला गाळ यंत्राने उपसून याच काठावर टाकला होता. एका भूशास्त्रज्ञाने वाळूचे थर पाहून सांगितले की नोटा त्या गाळाच्या थराच्या वर होत्या, म्हणजे १९७४ नंतर आल्या. रबर म्हणते लवकर, थर म्हणतात उशिरा! पुढे काहींनी थरांच्या त्या वाचनावरही शंका घेतली.

हा वाद कितीतरी वर्षे तोंडातोंडी चालला. मग हौशी लोकांतला दुसरा प्रकार, म्हणजे पाऊल बघणारा, पुढे आला.

२००७ च्या सुमारास हे प्रकरण एफ.बी.आय.च्या एका नव्या अधिकाऱ्याकडे आले. त्याने दप्तरात पडलेली बरीच माहिती लोकांपुढे मांडली. पुढे त्याच खात्याने टॉम के या शास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना पुरावे तपासू दिले. के हे मूळचे जीवाश्मांचे अभ्यासक, म्हणजे जमिनीत गाडल्या गेलेल्या प्राण्यांचे अवशेष तपासणारे. त्यांच्याबरोबर एक चित्रकार बाई आणि एक धातुशास्त्रज्ञ होते. या मंडळींना कुणी पगार देत नव्हते. त्यांनी 'कूपर कोण?' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'ही नोट कुठे कुठे जाऊन आली?' एवढेच विचारले.

इथे थोडे विज्ञान सांगावे लागेल. नदीतल्या दगडावर तपकिरी-हिरवट बुळबुळीत थर धरतो ना, त्यात डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ असते. प्रत्येकाला काचेसारख्या पदार्थाचे बारीक कवच असते. शेवाळ मेले तरी कवच राहते, वर्षानुवर्षे राहते. आणि पिकांचा जसा हंगाम असतो तसा या शेवाळाच्या जातींचाही असतो. ज्वारीचे दाणे सापडले तर शेतकरी सांगेल हे कोणत्या हंगामाचे, तसेच हे.

के यांनी नोटांचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत डायटमची कवचे मिळाली, आणि ती वसंत-उन्हाळ्यात वाढणाऱ्या जातींची होती. हिवाळी पाण्याची खूण दिसली नाही. कूपरने उडी मारली नोव्हेंबरात. त्या रात्रीच पैसे नदीत पडून भिजले असते, तर नोव्हेंबरच्या पाण्यातली कवचे मिळायला हवी होती. म्हणून निष्कर्ष असा की नोटा उडीनंतर काही महिने तरी कोरड्या होत्या आणि पुढे केव्हा तरी वसंत-उन्हाळ्याच्या पाण्यात भिजल्या. हा अभ्यास २०२० साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला.

श्रोतेहो, याने गुन्हेगार सापडला का? नाही. मग मिळवले काय? एवढेच की 'पैसे त्याच रात्री नदीत पडले आणि वाहत आले' हे सर्वांत सोपे उत्तर फार अवघड झाले. पण पाऊल पुढे पडले ते खरोखर मातीवर पडले. पन्नास वर्षांच्या गप्पांनी जे झाले नाही ते डोळ्यांनाही न दिसणाऱ्या कवचाने केले.

याच मंडळींनी तो काळा टायही तपासला. त्याच्या धाग्यांत शुद्ध टायटॅनियमचे कण सापडले. हा हलका पण मजबूत धातू त्या काळी दुर्मीळ होता. विमाने आणि रसायनांचे कारखाने अशा मोजक्या ठिकाणीच तो असे. आणि अशा कारखान्यात टाय कोण लावणार? मजूर नव्हे, अभियंता किंवा देखरेख करणारा. सिॲटल हे तर बोईंग कंपनीचे गाव. ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान बांधण्याची तिथली योजना सरकारने १९७१ सालीच पैसे तोडून बंद पाडली आणि हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मग काय, अनेकांच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले: नोकरी गेलेला, चिडलेला, विमानाची खडानखडा माहिती असलेला इंजिनिअर!

चित्र मोठे छान आहे. पण सांधे मोजा. टाय विमानात राहिला हे खरे. कण सापडले हे खरे. पण तो टाय मुळात कूपरचाच होता का? त्याने तो जुन्या बाजारातून घेतला असेल, कुणाचा मागून आणला असेल. कण पहिल्या मालकाचे असतील. टायवर माणसाच्या आनुवंशिक द्रव्याचा अपुरा नमुना मिळाला, तोही कुणाचा हे सांगता येत नाही. ज्या सिगारेटच्या थोटकांवर आज त्याची ओळख कदाचित पटली असती, ती थोटके खात्याकडून हरवली. १९७१ साली कुणाला ठाऊक की एका थोटकातून माणूस ओळखण्याची विद्या पुढे निघणार आहे? म्हणून पुरावा आज निरुपयोगी दिसला तरी जपून ठेवावा.

आता पहिल्या प्रकारच्या मंडळींकडे येऊ. ज्यांनी माणूस आधी ठरवला, त्यांच्याकडे.

एफ.बी.आय.ने या प्रकरणात हजाराहून अधिक संशयितांचा विचार केला. त्यांतले कितीतरी लोकांनीच कळवलेले. कुणी मरताना बायकोला म्हणाला, "मीच तो." कुणाचा काका त्या सणाला जखमी होऊन घरी आला होता. कुणी पूर्वी छत्रीधारी सैनिक होता, कुणी विमान कंपनीत नोकर, कुणी एकाएकी रोख पैशाने घर घेतले. प्रत्येकावर लेख निघाले, पुस्तके निघाली, बोलपट निघाले. अशा पुस्तकांची रीत सहसा एकच. जुळते ते पानभर, जुळत नाही ते एका ओळीत.

नावाचेच घ्या. फ्रेंच भाषेत 'डॅन कूपर' नावाची एक चित्रमालिका निघत असे. तिचा नायक कॅनडाच्या हवाई दलातला वैमानिक. ती इंग्रजीत आलेली नव्हती. यावरून काहींनी ठरवले की आपला कूपर युरोपात किंवा फ्रेंच बोलणाऱ्या कॅनडात राहिलेला असणार. असेलही! पण डॅन कूपर हे नाव तिकडे आपल्या दत्तू पाटलासारखे साधे आहे. खोटे नाव सांगताना माणूस साधेच नाव सांगतो, हेही तितकेच संभवते.

सर्वांत गाजलेला संशयित रिचर्ड मॅकॉय. याने एप्रिल १९७२ मध्ये खरोखरच असेच विमान पळवले, पाच लाख डॉलर घेतले, युटा राज्यावर उडी मारली आणि दोनच दिवसांत पकडला गेला. त्याला पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. १९७४ मध्ये तो तुरुंगातून पळाला आणि एफ.बी.आय.च्या माणसांशी झालेल्या गोळीबारात मारला गेला. पद्धत एकच, म्हणून माणूसही एकच, असे अनेकांचे म्हणणे. २०२४ साली त्याच्या कुटुंबाकडच्या एका जुन्या छत्रीवरून ही चर्चा पुन्हा पेटली. पण मॅकॉय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि विमानातल्या मंडळींनी पाहिलेला माणूस पंचेचाळिशीचा. शिवाय त्या सणाला तो युटात आपल्या घरी होता, असे एफ.बी.आय.चे म्हणणे. दोन चोरांची पद्धत सारखी असली तर दुसऱ्याने वर्तमानपत्र वाचले होते, एवढाही अर्थ निघू शकतो.

मॅकॉयचे निदान कोर्टात शाबीत झालेले होते. पण बाकीच्यांचे काय? त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. त्यांना 'मी नव्हतो' असे म्हणता येत नाही. त्यांची मुले-नातवंडे आहेत. कुणी तरी एक पुस्तक लिहितो आणि एका घराच्या दारावर 'इथे विमानचोर राहत होता' असा शिक्का बसतो. तो पुसायला ना कोर्ट, ना पंच. विमानातल्या त्या हवाईसुंदरीचाही लोकांनी पिच्छा पुरवला. त्या रात्री तिने बाँबशेजारी बसून सर्वांचा जीव सांभाळला, आणि नंतर कितीतरी वर्षे अनोळखी माणसे प्रश्न घेऊन तिच्यामागे लागली. कोडे सोडवणाऱ्याला वाटते आपण कागदावरची आकडेमोड करीत आहोत. पण त्या आकड्यांच्या जागी माणसे असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण या प्रकरणाच्या नावातच आहे. तुम्ही कुठेही वाचा, या विमानचोराला 'डी. बी. कूपर' म्हणतात. पण त्याने तर डॅन कूपर सांगितले होते! झाले असे की पोर्टलंडच्या पोलिसांनी घाईघाईत डी. बी. कूपर नावाच्या एका स्थानिक माणसाची चौकशी केली. त्याचा काही संबंध नव्हता, ते लगेच स्पष्टही झाले. पण बातमीदाराच्या गडबडीत तेच नाव तारेने देशभर गेले आणि चिकटले ते चिकटलेच. आज पन्नास वर्षांनंतरही खऱ्या चोराला आपण एका निरपराध माणसाच्या आद्याक्षरांनी ओळखतो. चूक एका रात्रीत झाली. ती दुरुस्त करणारी बातमी लोकांनी वाचली नाही, किंवा वाचून विसरले.

पुढची हकीकत थोडक्यात. १९७२ पासून बोईंग ७२७ च्या जिन्याला एक पाते बसवू लागले. विमान उडत असता वाऱ्याच्या जोराने ते फिरते आणि जिना उघडूच देत नाही. त्याला 'कूपरचे पाते' असेच नाव पडले. जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक उतारूची आणि त्याच्या हातातल्या सामानाची झडती सुरू झाली. १९७६ साली मुदत संपण्यापूर्वी सरकारने न सापडलेल्या माणसावरच आरोपपत्र ठेवले, म्हणजे तो कधीही मिळाला तरी खटला चालावा. जुलै २०१६ मध्ये एफ.बी.आय.ने जाहीर केले की या प्रकरणावर आता आम्ही माणसे लावणार नाही. कुणाला छत्री किंवा नोटा मिळाल्या तर मात्र आणून द्या. लक्षात घ्या, त्यांनी छत्री आणि नोटा मागितल्या, नवे तर्क मागितले नाहीत.

हौशी मंडळी अजून जमतात. एरियलच्या एका खानावळीत कितीतरी वर्षे दर नोव्हेंबरात कूपरच्या नावाने जत्राच भरे. अलीकडे त्यांची संमेलने होतात. कुणी वाऱ्याचे तक्ते मांडतो, कुणी नदीचे नकाशे, कुणी आपल्या काकाचा फोटो. या लोकांना हसू नये. हौशी माणसाजवळ एक गोष्ट असते ती पगारी अधिकाऱ्याजवळ नसते, ती म्हणजे वेळ. एका नोटेच्या तुकड्यावर महिनोन्महिने घालवण्याची मुभा कोणते खाते देईल? पण त्याच वेळातून एखाद्याचे नावही बरबाद करता येते.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. ही हकीकत वर्गात सांगा आणि मुलांना कूपर कोण हे विचारू नका. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात डोळ्यांनी पाहिलेले आणि हाताने मोजलेले: टाय, २९० नोटा, आठ-तेराचा हिसका. दुसऱ्यात त्यावरून काढलेले अनुमान: नोटा नोव्हेंबरात भिजल्या नाहीत. तिसऱ्यात नुसता अंदाज: तो नोकरी गेलेला इंजिनिअर होता. मुलांना एकेक वाक्य योग्य रकान्यात घालू द्या. भांडतील, भांडू द्या. मग एखाद दिवशी गावातली एखादी कंडी घ्या, जिच्यात कुणाचे तरी नाव गुंतले आहे, आणि तिचीही वाक्ये तशीच वाटून पाहायला सांगा. नाव मात्र फळ्यावर लिहू नका. पहिला रकाना बहुधा रिकामा राहील. तो रिकामा आहे हे ज्या मुलाला दिसले, तो मोठेपणी पंच झाला, पोलीस झाला किंवा नुसता पारावर बसला, तरी त्याच्या तोंडून एखाद्या निरपराध माणसाचे नाव सहजासहजी जायचे नाही.